हाफिजाच्या हाती आयटीआयचा दाखला

नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद असे चार जिल्हे तिच्यात होते. यांपैकी नंदुरबारकडून वाशिमने एक गोष्ट घ्यावी, आणि ती एका मौलानांकडून घ्यावी.

गुलाम मोहम्मद वस्तानवी हे त्यांचं नाव. सुरत जिल्ह्यातल्या कोसाडीत १९५० मध्ये जन्म, सहारनपूरच्या मजाहिर उलूममध्ये हदीसचं शिक्षण, मग भरूच जिल्ह्यात अध्यापन. १९७९ मध्ये त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात, जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था सुरू केली. विद्यार्थी सहा, शिक्षक एक. गुजरातच्या सीमेवरचा हा आदिवासी तालुका. मोठं विद्यापीठ जवळ नाही, कारखाने नाहीत. अशा ठिकाणी निवासी मदरसा उभा राहिला आणि त्याच आवारात पुढे शाळा, आयटीआय, पॉलिटेक्निक, फार्मसी, अध्यापक विद्यालय, युनानी वैद्यक महाविद्यालय आलं. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला याच परिवाराचं एमबीबीएस महाविद्यालय आणि रुग्णालय आहे.

वस्तानवींनी धर्मशिक्षणाला कात्री लावली नाही. कुराण मुखोद्गत करण्याचा हिफ्जचा वर्ग तसाच राहिला, आलिम, म्हणजे धर्मपंडित, होण्याचा अभ्यासक्रमही राहिला. त्यांनी भर घातली ती शेजारच्या इमारतीत. त्यामुळे दीन (धर्म) की दुनिया, हा पेच बापापुढे उरला नाही. पोरगा हाफिजही होऊ शकतो आणि इलेक्ट्रिशियनही. सुधारक म्हणवणारे पुष्कळ जण समाजाला आधी रागे भरतात आणि मग ऐकायला माणसं नाहीत म्हणून खंतावतात. या माणसाने समाजाची श्रद्धा सोबत घेतली, त्याच्याच जकातीतून (धार्मिक दानातून) आणि देणग्यांतून वर्कशॉप बांधलं.

मराठी वाचकाला त्यांचं नाव आठवत असेल तर ते बहुधा २०११ च्या वादामुळे. त्या वर्षी जानेवारीत देवबंदच्या दारुल उलूमचे मोहतमिम म्हणून त्यांची निवड झाली. १८६६ पासूनच्या या संस्थेच्या प्रमुखपदी गुजरातचा, एमबीए केलेला मौलाना बसणं हीच मोठी घटना होती. काही दिवसांतच एका मुलाखतीत ते म्हणाले की, गुजरातच्या मुस्लिमांनी २००२ च्या दंगलीपलीकडे पाहावं, राज्याच्या प्रगतीत त्यांनाही वाटा मिळतो आहे. गदारोळ झाला. २३ जुलैला शूराने, म्हणजे संस्थेच्या नियामक मंडळाने, त्यांना पदावरून दूर केलं. ज्यांची माणसं मारली गेली, त्यांना हे बोल झोंबले आणि ते झोंबणं रास्तच होतं. न्यायाची वाट पाहणाऱ्याला पुढे चला म्हणणं फार सोपं असतं. पण त्या एका मुलाखतीवरून चार दशकांचं काम मोजणंही अन्यायाचंच आहे. पद गेल्यावर ते अक्कलकुव्यात परतले, कामाला लागले. ४ मे २०२५ रोजी त्यांचं निधन झालं.

आता वाशिमकडे येऊ. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या गावांत मुस्लिम वस्ती जुनी आहे; मंगरूळपीरच्या दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात. मदरशांवर मात्र बोलणं निघालं की एका बाजूला संशय आणि दुसऱ्या बाजूला अस्मिता. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशांत जातात. म्हणजे बाकीच्यांचा प्रश्न साध्या सरकारी शाळेचा आहे. आणि जे ३ टक्के तिथे जातात, ते बहुतेक गरिबांघरचे. त्यांना दोन वेळचं जेवण आणि निवारा तिथेच मिळतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने गणित, विज्ञान न शिकवणाऱ्या मदरशांतल्या मुलांना शाळाबाह्य ठरवलं. त्याने मुलं शाळेत आली नाहीत, नुसती चीड आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मदरशांतल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बीएड शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय झाला. तो निर्णय चांगला आहे; वाशिमच्या मदरशांच्या विश्वस्तांनी या मानधनाच्या योजनेसाठी स्वतःहून अर्ज करावेत, सरकारनेही पैसे वेळेवर द्यावेत.

वस्तानवींची वाट इथल्या मदरशांनाही धरता येईल. मुक्त विद्यालयातून दहावीची नोंदणी करता येते. हिफ्ज करणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो दाखला मिळाला, तर त्याच्यासाठी आयटीआयचं दार उघडतं. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. दोन शिक्षक आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतरचे दोन तास लागतात.

मुलींसाठी मात्र याहून जास्त करावं लागेल. अनेक गावांत उर्दू शाळा आठवीपर्यंतच असते आणि नववीसाठी तालुक्याला रोज एसटीने पाठवायला घरचे तयार होत नाहीत. तालुक्याच्या गावी चांगल्या देखरेखीचं वसतिगृह असेल, तर हेच आईबाप मुलीला पाठवतील. जिल्ह्यातल्या जकातीतला काही भाग पुढच्या जूनआधी त्यासाठी बाजूला काढावा.