शाळेतल्या मंडळाचे दप्तर

आमच्या हायस्कुलातील वाङ्मय मंडळाचे सारे दप्तर एका पत्र्याच्या पेटीत मावत असे. इतिवृत्ताची जाड बांधणीची वही, जमाखर्चाची लांबट वही, पावत्या ओवलेली तार, झिजलेला रबरी शिक्का आणि मागल्या काही वर्षांची हस्तलिखिते एवढाच तो संभार. परंतु त्या पेटीची किल्ली ज्या वर्षी ज्याच्या स्वाधीन होई, त्याच्या चालण्याबोलण्यात त्या वर्षापुरता एक जबाबदारपणा आलेला सर्वांना दिसे. मी नववीत असताना मंडळाचा चिटणीस होतो आणि शेजारच्या तुकडीतील, नऊ किलोमीटरांवरच्या खेड्यातून एस.टी.ने येणारी एक मुलगी खजिनदार होती. मंडळाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या चहाफराळाचे १८ रुपयांचे बिल मुख्याध्यापकांनी शिपायाबरोबर तिच्याकडे पाठविले, तेव्हा तिने पैसे दिले नाहीत. जमाखर्चाची वही छातीशी धरून ती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि खालच्या मानेने, पण स्पष्ट शब्दांत म्हणाली, "सर, ह्या खर्चाला सभेची मंजुरी नाही."

मुख्याध्यापक क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग "बरोबर आहे, सभा बोलवा," एवढेच म्हणून त्यांनी बिल परत घेतले. शनिवारी चौथ्या तासाला सभा भरली. पाहुणे शाळेचे, सबब खर्चही शाळेचाच, असे एकाचे म्हणणे पडले. व्याख्यान मंडळाने ऐकले, तर चहाही मंडळानेच द्यावा, असे दुसऱ्याने मांडले. आणि अर्ध्या तासाच्या वादानंतर निम्मा खर्च मंडळाने सोसावा, असा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. उरलेले ९ रुपये मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून मंडळाच्या खाती भरले व त्याची रीतसर पावती घेतली. इतिवृत्तात मी "बऱ्याच चर्चेअंती" असे मोघम लिहिले होते. मंडळाचे काम पाहणाऱ्या बाईंनी ते खोडावयास लावले आणि कोण काय म्हणाले, विरुद्ध मत कोणत्या कारणासाठी पडले, हे सारे लिहून आणावयास सांगितले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मी पुष्कळ पाठ केले असेल, ते आज आठवत नाही. ही सभा मात्र आठवते.

महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन हे मुख्यतः सभा, ठराव आणि हिशेब ह्यांवर उभे आहे, ही गोष्ट आपण शाळेचा विचार करताना सोयिस्करपणे विसरतो. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला, ग्रामपंचायतींचा आजचा अधिनियम १९५८चा आणि सहकारी संस्थांचा १९६०चा. दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, बचतगट, शाळा व्यवस्थापन समिती अशा कोणत्या ना कोणत्या संस्थेचा सभासद नसलेला प्रौढ मराठी माणूस विरळाच. तथापि ह्या संस्थांच्या वार्षिक सभांना जो बसला आहे, त्याला हेही ठाऊक आहे की मागील इतिवृत्त "वाचले असे समजून" कायम होते, ताळेबंदाचे पान उलटण्यापूर्वीच मागच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा पुकारा होतो, आणि एखाद्याने उठून खर्चाचा तपशील विचारलाच तर तो सभेत बिघाड करणारा इसम ठरतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय आपल्या राज्याने २०११ साली घेतला. त्या जागांवरून पुष्कळ स्त्रियांनी उत्तम कारभार करून दाखविला. पण कागदावर बोट ठेवलेल्या जागी सही करून यजमानांच्या हाती दप्तर सोपविणाऱ्याही आहेत, आणि त्यांना दोष देण्यापूर्वी, चौदाव्या वर्षी त्यांच्या हाती कोणी कधी जमाखर्चाची वही दिली होती काय, हे विचारणे मला न्यायाचे वाटते.

विद्यार्थ्यांचे मंडळ म्हणजे अभ्यासाच्या काठाकाठाने चालणारी करमणूक, ही समजूत आपल्या इतिहासालाही धरून नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली, ती निबंध वाचण्यासाठी आणि त्यांवर वाद करण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्याच सभेच्या सभासदांनी, ज्यांत दादाभाई नौरोजी होते, मुलींसाठी शाळा उघडल्या व आपला फावला वेळ देऊन आरंभी स्वतःच तेथे विनावेतन शिकविले. आणि तिच्या मराठी शाखेने 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालविले. ह्यांपैकी एकाही कामाला गुण नव्हते.

आज हायस्कुलांच्या वार्षिक अहवालांत मंडळांची वाण नाही. विज्ञान मंडळ आहे, गणित मंडळ आहे, हरितसेना, स्काउट-गाइड, वाङ्मय मंडळ, सारे आहे; परंतु त्या नावांच्या मागे मुलांच्या हातचे काय आहे, हे पाहू गेल्यास चित्त विषण्ण होते. विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती बाजारात तयार मिळते. वक्तृत्वाचे भाषण आई किंवा शिक्षक लिहितात आणि मुलगा ते हातवाऱ्यांसकट पाठ करतो. स्नेहसंमेलनाची नृत्ये बसविण्यासाठी बाहेरून माणूस येतो, पोशाख भाड्याने येतात. वृक्षारोपणाचे छायाचित्र वेळेत पाठवावयाचे असते, म्हणून खड्डा शिपायाने खणलेला असतो आणि रोपाला दहा हात लागलेले असतात. आजच्या मुलांत गुण कमी आहेत असे मी यत्किंचितही म्हणत नाही. आमच्याहून ती कितीतरी चतुर आहेत. चुकण्याला जो अवकाश लागतो तो मात्र आपण त्यांच्यापासून काढून घेतला आहे, कारण समारंभ देखणा व्हावा ही इच्छा मुलांची नसून आपली आहे.

शिक्षकांवर ह्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरावर पट असेल तेथे, कला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव ह्यांकरिता अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. कायद्याच्या परिशिष्टातले ते पद जेथे वेतनपत्रकात आलेले नाही, तेथे ते काम गणिताच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकावर पडते, आणि माहिती भरण्याच्या, सर्वेक्षणाच्या, निवडणुकीच्या कामांतून तो मोकळा झालाच तर दहावीचे जादा तास त्याची वाट पाहत असतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम ह्यांतील भिंत काढून टाकावी असे म्हटले आहे. हे मला मनापासून मान्य आहे. भय एवढेच वाटते की भिंत पडताच पलीकडची परीक्षा अलीकडे येईल. आपल्या मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत क्रीडा, चित्रकला, लोककला ह्यांना वाढीव गुण मिळतात. वर्षानुवर्षे रियाज करणाऱ्या मुलाच्या श्रमांची ती कदर आहे, आणि शिकवणीला पैसे नसलेल्या घरातील ढोलकीवाल्या मुलाला तिचा आधार होतो, हेही मी पाहिले आहे. पण हाच न्याय मंडळांना लावू नये. जी मुलगी खर्चाला मंजुरी नाही असे म्हणून उंबऱ्याशी उभी राहते, तिच्या त्या वागण्याचे गुण मुख्याध्यापकांच्याच हाती असते, तर ती उभी राहिली असती काय?

हस्तलिखिताचेही तसेच. आमच्या संपादक मंडळाने हेडमास्तरांच्या पुतण्याची कविता एका वर्षी साभार परत केली, कारण ती नक्कल होती. आणि मुखपृष्ठावर शाई सांडलेला अंक तसाच, डागासकट, काचेच्या कपाटात ठेवला गेला. संगणकावर जुळविलेल्या आजच्या गुळगुळीत अंकाला माझा विरोध नाही, मात्र त्यात काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे मुलांनी ठरविलेले असावे.

म्हणून संस्थाचालकांस व शिक्षण खात्यास माझी विनंती थोडक्या गोष्टींची आहे. प्रत्येक मंडळाला लहानशी का होईना रोख रक्कम मिळावी आणि तिचा हिशेब मुलांनी ठेवावा. सभेत शिक्षक असावा. तो शक्यतो गप्प असावा. आणि मंडळांचा तास शाळा सुटल्यावर न ठेवता वेळापत्रकातच असावा, कारण खेड्यांतून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास मोफत मिळत असला, तरी गाडी कोणासाठी थांबत नाही. आमच्या खजिनदाराच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला सुटे. शनिवारचा चौथा तास नसता, तर ती किल्ली तिच्याकडे कधीच गेली नसती.