‘आपसांत मिटवू’ म्हणणाऱ्यांना

चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षेचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आपली मंडळी म्हणजे एक कुटुंब. इथे कसला आलाय संशय?’ पुण्याजवळच्या पुनावळ्यात राहून हे म्हणायला धाडसच लागतं. कुणी नगरकडचा, कुणी जालन्याचा, कुणी हिंजवडीच्या नोकरीसाठी केरळातून आलेला. घराचा करार अकरा महिन्यांचा, शेजाऱ्याचं आडनाव पार्सलवर वाचून कळतं. गावाकडच्या मंडळीत पेटी वाजवणाऱ्याच्याही तीन पिढ्या ठाऊक असत. (म्हणून तिथे सगळं आलबेल होतं असं नाही, पण ते असो.) इथे गिटार बरी वाजवणारा, हसतमुख तरुण दोन महिन्यांत तरुण संघाचा पुढारी होतो आणि लगेच संडे स्कूल त्याच्या हवाली. हॉलमागची, खुर्च्या रचून ठेवलेली खोली, आत दहा-बारा पोरं आणि उपासनेत व्यत्यय नको म्हणून लावून घेतलेलं दार. बरं, कुटुंब आहे असंच धरू. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. तेव्हा ओळख हा बचाव होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘आपण मूठभर. धर्मांतराचे आरोप आधीच डोक्यावर. असं काही बाहेर गेलं तर विरोधकांच्या हाती कोलीतच.’ ही भीती खरी आहे, आणि ती बोलणारी माणसं वाईट नाहीत. पण लपवून अब्रू वाचते, हा हिशेबच चुकीचा आहे. बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं? शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला आणि 20 ऑगस्टला हजारो माणसं रेल्वे रुळांवर उतरली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला तो वेगळाच. त्या शाळेचं नाव आधी देशात कुणाला ठाऊक होतं? उलट गोवंडीच्या शिवाजीनगरातलं प्रकरण बघा. 2015 मध्ये तिथल्या धर्मगुरूविरुद्ध 13 वर्षांच्या मुलावरच्या अत्याचाराची तक्रार झाली आणि डिसेंबर 2021 मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. त्या निकालाने ख्रिस्ती धर्म बुडाला नाही.

‘आतल्या आत’ मिटवायचं म्हणजे नक्की कुणाच्या आत, हेही एकदा विचारायला हवं. कॅथलिकांकडे निदान कागद आहे. बिशपांच्या परिषदेने 2015 मध्ये अशा प्रकरणांची कार्यपद्धती ठरवली, आणि पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये फादर-सिस्टरांना अशी माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळीला ना बिशप, ना पंच. तिथे ‘आत’ म्हणजे पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस आणि खजिनदार असलेले मेहुणे. आरोप यांच्यापैकीच कुणावर असला तर न्याय कोण करणार?

शिवाय हा अधिकार यांना दिलाच कुणी? पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका जरी आली, तरी ती पोलिसांना कळवायची. कुणीही असो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपलं तर एक वर्षापर्यंत. धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर मानतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये बजावलं की माहीत असून गप्प बसणं हा गंभीर गुन्हा आहे. ‘पोरीचं नाव होईल’ म्हणणाऱ्या आयांनी हेही ऐकावं: मुलाची ओळख छापणं हाच गुन्हा आहे, जबाब घरी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. ‘खोट्या तक्रारी?’ जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, सद्‌हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

राहिली क्षमा. क्षमा करायची की नाही, हे ज्याला इजा झाली त्याने ठरवायचं. पंचांनी त्याच्या वतीने ती वाटून टाकायची नाही. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा येशूनेच केली होती, आमच्या क्षमाप्रेमी मंडळींना नेमकी तीच आठवत नाही.

आता मोबाईल. ‘फोन काढून घ्या’ हा उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो. पण कॉयरच्या सरावाची वेळ फोनवरच कळते, अभ्यासही तिथेच. आणि धोका काही परक्या माणसाकडूनच येतो असं नाही. रविवारी ज्याने प्रार्थना केली त्याचाच रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘झोपलीस का?’ मग ‘तू इतरांपेक्षा समंजस आहेस’, मग ‘फोटो पाठव’, आणि शेवटी ‘घरी सांगू नकोस’. हे चालतं मागच्या खोलीतलं दार लावून घेतल्यासारखंच, म्हणून नियमही एकच हवा: मंडळीतलं कुणीही मोठं माणूस अठराच्या आतल्या मुलाशी एकांतात नसेल, खोलीतही नाही आणि चॅटवरही नाही. वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं. मेसेज फक्त अशा ग्रुपवर, जिथे आईवडील आहेत. पोलीस पडताळणी जरूर करा, पण तिच्यात फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, आपसांत मिटवलेले दिसत नाहीत. आणि एकांत टाळण्याचा हा नियम पहिल्यांदा पाळकसाहेबांना लागू करा, म्हणजे कुणाला अपमान वाटणार नाही.

‘अशाने शिकवायला कुणी पुढे येणार नाही,’ असं परवाच एका पंचांनी ऐकवलं. येतील. हातात दोनच शिक्षक असतील तर एकच वर्ग चालवा.

मेच्या सुट्टीत बायबल शाळा भरेल. नावनोंदणीच्या अर्जात टी-शर्टचं माप विचारतात, अंड्याची ॲलर्जी विचारतात. मुलाला काही सांगायचं असेल तर कुणाला, हे कुठेच छापलेलं नसतं. यंदा ते छापा, मुलाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आणि सगळ्यात वर पाळकसाहेबांचा नंबर नको, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 घाला.