यंत्राचा गंधार

संगणकानें आमच्या मुलांचे कान बिघडविले, हें विधान हल्लीं इतक्या व्यासपीठांवरून ऐकूं येतें कीं, त्याला पुरावा मागणें हाच आतां असभ्यपणा ठरूं पाहत आहे. मध्यंतरीं एका संगीतसभेच्या प्रास्ताविक भाषणांत आम्हीं तें पुनः ऐकिलें. वक्ते विद्वान्, वाणी रसाळ, आणि सिद्धांत अगदीं सुटसुटीत: संगणक हें बारा खुंट्यांचें यंत्र, श्रुति त्याच्या गांवींहि नाहींत, आणि ज्या दिवशीं तें घरांत शिरलें त्या दिवसापासून आमच्या स्वरज्ञानाला ओहोटी लागली. टाळ्या पडल्या. आम्हीं मात्र हात मांडीवरच ठेविले, कारण ज्या काळाविषयीं हे गृहस्थ बोलत होते त्या काळीं तसलें एक यंत्र आमच्या मांडीवर होतें.

१९८२ सालीं इंग्लंडांत निघालेला 'स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनें १९८६ च्या सुमारास परवान्यानें आपल्याकडे काढिला. आमच्या मामांनीं तो आम्हांला घेऊन दिला, तो गणितासाठीं; आम्हीं तो लाविला गाण्यासाठीं. ४८ 'के' एवढी त्याची स्मृति. पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी-संच आणि कोठार म्हणून साधा टेपरेकॉर्डर. त्याला आवाज एकच, आणि तोहि बाटलींत कोंडलेल्या मधमाशीसारखा. 'बीप' ही आज्ञा लिहावयाची व तिच्यापुढें दोन आंकडे: स्वर किती वेळ टिकावा आणि तो किती उंच असावा. मध्य षड्जाला शून्य, शुद्ध ऋषभाला २, गंधाराला ४, पंचमाला ७. आवाज चालूं असेपर्यंत यंत्राला दुसरें कांहींच सुचत नसे. सेकंदाला पस्तीस लक्ष ठोके मोजणारा त्याचा मेंदू तेवढा वेळ केवळ घुंगुरट्यासारखा गुणगुणत राही.

आतां मुद्द्याची गोष्ट. हा उंचीचा आंकडा पूर्णांकच असला पाहिजे असें मुळींच नव्हतें. तो अपूर्णांक चाले. इतकेंच नव्हे, तर यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेंत स्पष्ट सांगितलें होतें कीं, अर्धस्वराहून सूक्ष्म अंतरें वापरणारें संगीत जगांत आहे, उदाहरणार्थ हिंदी संगीत, आणि तीं अंतरें या यंत्रावर विनासायास घालतां येतात. केंब्रिजमध्यें बसून इंग्रज पोरांसाठीं पुस्तिका लिहिणाऱ्याला आमच्या श्रुतींची आठवण झाली. आमच्या संगीतशास्त्र्यांना ती पुस्तिका उघडून पाहण्याची झाली नाहीं. १९८४-८५ सालीं 'क्लास' योजनेखालीं कांहीं निवडक शाळांत जो 'बीबीसी' संगणक आला, त्यांत तर अर्धस्वराचे चार भाग पाडलेले होते, म्हणजे सप्तकांत ४८ स्थानें. तीं आमच्या बावीस श्रुतींच्या नेमक्या जागीं पडत नसत हें खरें. पण त्याला बारा खुंट्यांचें यंत्र म्हणणें हें अज्ञान आहे. 'कमोडोर ६४' मध्यें रॉबर्ट यॅनिस यांनीं जी ध्वनिचकती बसविली, तिला तर स्वरांचीं नांवेंच ठाऊक नव्हतीं. तिला हवी ती कंपनसंख्या सांगावी आणि तिनें ती तीन आवाजांत निमूटपणें काढावी.

१९८८ च्या मे महिन्यांत हें सगळें लटांबर घेऊन आम्ही पॅसेंजरनें जेऊर स्टेशनावर उतरलों. करमाळें तालुक्यांत जाणाऱ्यांचें हें उतरण्याचें ठिकाण. तेथें आमच्या मामांचें घर. विजेचा दाब संध्याकाळीं असा पडे कीं, तीन तास टंकलेलें भजन एका क्षणांत नाहींसें व्हावें. (फितीवर उतरवून ठेवण्याचा शहाणपणा आम्हांला तिसऱ्या अपघातानंतर आला.) शेजारीं भजनी मंडळाचे एक वृद्ध बुवा राहत. पेटी वाजवीत, अक्षरओळख बेताची. एके रात्रीं आम्ही भूपाची एक सरळ सरगम यंत्राकडून म्हणवून घेत होतों, ते ओसरीवर येऊन बसले, दोनदां ऐकिली आणि म्हणाले, "बाळ, तुझ्या पेटीचा गंधार चढा आहे."

आम्हीं ४ चे ३·९ केले. "अजून केसभर," बुवा म्हणाले. मग पुस्तकांतील गणित आठवून आम्हीं ३·८६ लिहिलें. बुवांनीं डोळे मिटले. "बसला." आणि थोड्या वेळानें, कांहींशा खेदानेंच म्हणाले, "माझ्याहि पेटीचा चढाच आहे रे. पण ती ऐकत नाहीं, तुझी ऐकते."

आमच्या विद्वान् वक्त्यांना आम्ही एवढेंच विचारतों: चाळीस वर्षांच्या गायनवर्गांतून किती विद्यार्थ्यांना गंधार म्हणजे नक्की किती, असा प्रश्न पडला? आम्हांला तो पडला, कारण यंत्र तो आंकडा मागत होतें. तें आपण होऊन कांहींच देत नसे. जो स्वर हवा तो आधीं कानानें ठरवावा, मग संख्येनें सांगावा, मग पुनः कानानें तपासावा. यापरतें स्वरज्ञानाचें दुसरें शिक्षण तें कोणतें?

त्याच वर्षीं सुट्टीनंतर आम्हीं ही सरगम शहरांतील एका संगीतशिक्षकांना ऐकविली. दुसऱ्या स्वरालाच ते म्हणाले, "हें बंद करा. यंत्रांत श्रुति नसतात." गंधार येईपर्यंतहि ते थांबले नाहींत. हा तुच्छतेचा वारसा जुनाच आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि क्लेमंट्स या सिव्हिलियन गृहस्थांच्या साह्यानें श्रुतींची पेटी पुढें आणिली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत तिजवर खल झाला आणि ती बाजूस पडली. पुढें १९४० पासून रेडिओनें साध्या पेटीलाच तीन दशकें दार बंद केलें. मैफलींत तीच पेटी गवयाच्या डाव्या हाताला बसलेली, आणि निषेध करणारे तिच्याच सुरावर डोलणारे!

आमचा भूप परिपूर्ण होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत मींड नव्हती. एक आज्ञा संपून दुसरी सुरू होईपर्यंत बारीकशी फट पडे, आणि गाणें त्या फटींतून गळून जाई. तो रागाचा सांगाडा होता. विलायतेंत टिम फॉलिनसारख्यांनीं त्याच एका क्षुद्र आवाजांतून अनेक आवाजांचा भास उत्पन्न केला. आमच्या अंगीं तेवढें कसब नव्हतें. परंतु आमच्याजवळ कसब नव्हतें म्हणून यंत्राजवळ श्रुति नव्हत्या, हा तर्क कोणत्या न्यायशास्त्रांतला?

मग बारा खुंट्या आल्या कोठून? १९८३ सालीं वाद्यें बनविणाऱ्या कारखान्यांनीं मिळून 'मिडी' नांवाची संकेतभाषा ठरविली. तींत प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधील एक पूर्णांक, आणि एकेक अंक म्हणजे एकेक अर्धस्वर. स्वर वांकविण्याची निराळी सोय तींतहि आहे, पण ती मुद्दाम करावी लागते, आणि मुद्दाम कांहीं करण्याचा आम्हां सुशिक्षितांना कंटाळा. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचीं विजेचीं वाद्यें दिवाणखान्यांत आलीं. बोट ठेवावें कीं ठेका, साथ, तंतुवाद्यें, सर्व तयार. त्यांचे वर्ग निघाले, परीक्षा निघाल्या, प्रमाणपत्रें भिंतीवर लागलीं. हे वर्ग कोणीं काढिले? ज्यांनीं आम्हांला "बंद करा" म्हटलें त्यांच्याच जातकुळीच्या संस्थांनीं. विचारणारें यंत्र त्यांना खपलें नाहीं, आयतें देणारें खपलें. आणि आतां कान बिघडल्याचा ठपका मात्र पहिल्यावर!

परदेशांतील हौशी लोकांनीं एकट्या कमोडोरचीं पन्नास हजारांहून अधिक गाणीं जमवून, कर्त्यांच्या नांवानिशीं जपून ठेविलीं आहेत. आमच्याकडे त्या काळच्या फिती माळ्यावर आहेत, किंवा त्यांवर लग्नाचीं गाणीं भरून झालीं आहेत. ज्यांच्या घरीं अद्याप त्या असतील त्यांनीं दिवाळीच्या झाडलोटींत हात आवरावा, अशी आमची विनंति आहे. चुंबकीय थर कोणासाठीं थांबत नाहीं.

आम्ही स्वतः उशीरच केला. जेऊरचें घर आवरतांना सहा फिती निघाल्या. टेपरेकॉर्डरच्या डोक्याचा स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवीत तीन दिवस घालविले, तेव्हां दोन वाचतां आल्या. एकींत भूप होता. गंधार ३·८६ असाच होता. धैवत मात्र ९ चा ९ च राहिला होता, आणि त्या ओळीपुढें रोमन अक्षरांत आम्हींच टंकलेली टीप होती: बुवांना विचारणें.