कोंडायचे कोणाला, आणि कोणाच्या खर्चाने?

परदेशातल्या साथीत काम करून परतलेल्या डॉक्टर-नर्सला विमानतळावरूनच उचलावे, तीन आठवडे कोंडावे आणि मगच घरी सोडावे, असे म्हणणाऱ्यांना भित्रे ठरवून मोकळे होता येत नाही. त्यांच्या बाजूचा पुरावा थेट नाशिकमधला आहे. १८९९ साली नाशिकजवळच्या भगूरला प्लेगने दामोदरपंत सावरकरांचा बळी घेतला. त्यांचा धाकटा मुलगा नारायणही आजारी पडला. त्याला नाशिकच्या प्लेग रुग्णालयात ठेवले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव शुश्रूषेसाठी तिथेच राहिले आणि प्लेगने त्यांनाही गाठले. दोघे भाऊ वाचले. त्याआधी पुण्यात सावित्रीबाई फुले वाचल्या नव्हत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याजवळ जाणाऱ्याला रोग लागतो, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको.

पूर्वपक्ष घसरतो तो याच्या पुढच्या पायरीवर. ज्याला लागण होऊ शकते तो आजच, धडधाकट हिंडताफिरतानाही, गावभर रोग वाटत असणार, हे हा पक्ष गृहीत धरतो. काही रोगांत हे खरे आहे, काहींत साफ खोटे.

इबोलाचे पाहा. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. लक्षणे दिसण्याआधी तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही, आणि दुखणे बळावते तसे रक्त, उलटी, जुलाब यांतून विषाणू अधिकाधिक बाहेर पडतो. २०१४ मध्ये लायबेरियातून अमेरिकेतील डॅलसला गेलेल्या थॉमस डंकन यांच्या बाबतीत हे लख्ख दिसले. आजाराचे पहिले दिवस त्यांनी ज्या घरात काढले, तिथल्या एकालाही लागण झाली नाही. शेवटच्या दिवसांत रुग्णालयात त्यांची सेवा करणाऱ्या दोन नर्सना मात्र झाली. म्हणजे धोका होता तो खाटेजवळ.

तरीही २४ ऑक्टोबर २०१४ रोजी सिएरा लिओनहून परतलेल्या केसी हिकॉक्स या नर्सला न्यू जर्सीत अडवून रुग्णालयाबाहेरच्या तंबूत ठेवले गेले. कपाळावरच्या थर्मामीटरने ताप दाखवला होता, तोंडात धरलेल्याने दाखवला नाही. चाचणी निगेटिव्ह आली, तरी सुटका व्हायला तीन दिवस लागले. अमेरिकेतली निवडणूक तोंडावर होती, हेही विसरायला नको. पुढे त्या घरी गेल्या, तेव्हा तिथल्या मेन राज्याने त्यांना घरात डांबायचे ठरवले. न्यायाधीशांनी ते मानले नाही. लक्षणे नाहीत, तेव्हा रोज तपासणी आणि प्रवासाची आगाऊ सूचना एवढे पुरे, असा आदेश निघाला.

यावर हमखास क्रेग स्पेन्सर यांचे नाव पुढे येते. गिनीहून परतलेले हे डॉक्टर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसले, बोलिंग खेळायला गेले आणि नंतर त्यांना इबोला निघाला! उदाहरण खरे आहे, फक्त ते अर्धेच सांगितले जाते. स्पेन्सर रोज स्वतःचा ताप मोजत होते. तो चढला त्या दिवशी त्यांनी स्वतःच कळवले आणि ते रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्यापासून शहरात कोणालाही लागण झाली नाही, सोबत राहणाऱ्या वाग्दत्त वधूलाही नाही.

पाळतीतली कच्ची जागा मात्र लंडनला दिसली. २०१४ च्या डिसेंबरअखेर सिएरा लिओनहून परतलेल्या पॉलीन कॅफर्की या ब्रिटिश नर्सचा ताप हीथ्रो विमानतळावर प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदला गेला. त्या पुढच्या विमानाने ग्लासगोला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी इबोलाचे निदान झाले. सुदैवाने आणखी कोणाला लागण झाली नाही. थकूनभागून आलेल्या माणसाला ताप सांगितला की आपण अडकणार, एवढे कळले की तो आकडा कमी सांगण्याचा मोह त्याला होतोच. सक्ती वाढवली की मोहही वाढतो, आणि सगळी व्यवस्था तर त्या आकड्याच्याच भरवशावर उभी असते.

मग विलगीकरण सरसकट चुकीचे म्हणायचे का? मुळीच नाही. कोविडचा विषाणू लक्षणांआधीच पसरत होता. २०२० च्या उन्हाळ्यात मालेगावात बंदोबस्तावरच्या शंभराहून अधिक पोलिसांना लागण झाली. तिथली ड्यूटी संपवून दोन खोल्यांच्या घरात म्हातारे आईवडील आणि पोरांमध्ये परतायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. आरोग्य कर्मचाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता; तेव्हा वेगळी खोली त्यांनाच हवी होती. १५ मे २०२० च्या केंद्राच्या सूचनेने मोठ्या जोखमीचा संपर्क नसेल तर ड्यूटीनंतरच्या विलगीकरणाची गरज नाही असे ठरवले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती एका डॉक्टरनेच. न्यायालयाने १७ जूनला पगार आणि विलगीकरणाची सोय या दोन्हींसाठी राज्यांना आदेश द्यायला केंद्राला सांगितले. ३१ जुलैला न्यायालयात कळले की पगार वेळेवर न देणाऱ्या चार राज्यांत महाराष्ट्रही आहे, आणि विलगीकरणाचे दिवस रजेत धरून पैसे कापले जात असल्याची तक्रारही तिथे मांडली गेली.

वादाची गाठ इथे आहे. पगारी, जेवणखाणाची सोय असलेले, सुटकेची तारीख आधी ठरलेले विलगीकरण डॉक्टर स्वतः मागतात. तेच बिनपगारी, बेमुदत आणि शेजाऱ्यांच्या समाधानासाठी लादले की शिक्षा होते. शेजाऱ्यांच्या वागण्याची दखल कायद्यालाही घ्यावी लागली: १८९७ च्या साथरोग कायद्यात एप्रिल २०२० मध्ये वटहुकमाने जी दुरुस्ती झाली, तिने आरोग्य कर्मचाऱ्याचे राहणे मुश्कील करणारा छळही हिंसेत धरला.

सक्ती शास्त्राला धरून कशी असावी, याचा नमुना भारताकडे पूर्वीपासून आहे. पीतज्वराच्या देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय येणाऱ्याला जास्तीत जास्त सहा दिवस ठेवतात, कारण त्या रोगात लागण ते लक्षणे हा काळच तेवढा. प्रमाणपत्र असेल तर हाच नियम त्याला वाट मोकळी करून देतो. त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही.

आता नाशिकपुरते बोलू. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा इथलाच. एवढ्या गर्दीच्या गावात धोका पत्करायचाच कशाला, हा पूर्वपक्षाचा शेवटचा हुकमी सवाल. पण त्या गर्दीला सांभाळायला जी अनुभवी माणसे लागतील, त्यांत बाहेरच्या साथीत काम केलेलेच कामाचे. मुंबईला उतरून कसारा घाट चढून येणाऱ्या अशा नर्ससाठी जिल्ह्याने आजच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: रोज दोनदा ताप विचारणारा एक ठरलेला फोन; ताप आल्यास रिक्षा किंवा एसटीऐवजी दारात येणारी रुग्णवाहिका आणि जिल्हा रुग्णालयात राखून ठेवलेली खोली; पाळतीच्या दिवसांचा पूर्ण पगार; आणि कोंडण्याची वेळ आलीच तर कोणता रोग, कोणता संपर्क, सुटका कोणत्या तारखेला, हे नमूद केलेला, अधिकाऱ्याच्या सहीचा कागद तिच्या हातात.