पहिला रिपोर्ट अर्धाच असतो

ईद-ए-मिलादच्या निमित्ताने मराठवाड्यात गावोगावी रक्तदान शिबिरं होतात. त्यानंतर काही दिवसांनी एखाद्या तरुणाला रक्तपेढीचा फोन येतो : तुमचं रक्त वापरता येणार नाही, ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ आलंय, डॉक्टरांना दाखवून घ्या. त्याला तर काहीच त्रास नसतो. तो लॅबमध्ये जातो, तिथेही पॉझिटिव्ह. मग कुणी दुसरी तपासणी सुचवतं आणि तिच्या रिपोर्टवर लिहून येतं, ‘विषाणू आढळला नाही’. एक कागद हो म्हणतो, दुसरा नाही. मग घरचे म्हणतात, लॅबवाले पैसे खातात, सोडून दे.

दोन्ही कागद बरोबर असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिली तपासणी अँटीबॉडीची. हिपॅटायटिस सीचा विषाणू शरीरात कधी तरी शिरला होता का, एवढंच ती विचारते. कयाधूला पूर येऊन गेला की भिंतीवर पाण्याची रेघ राहते; रेघ बघून घरात आज पाणी आहे का ते कळत नाही. विषाणू आज रक्तात आहे का, हे दुसरी तपासणी सांगते. तिला आरएनए किंवा व्हायरल लोड म्हणतात. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण तीस जणांचं शरीर औषधाविना सहा महिन्यांत हा विषाणू स्वतःच घालवतं. त्यांच्या अँटीबॉडी मात्र पुढेही राहतात. काही वेळा अँटीबॉडीची तपासणीच चुकीची पॉझिटिव्ह येते, विशेषतः आकडा मर्यादेच्या जरासाच वर असेल तेव्हा.

या आकड्याने फार घोळ होतो. अँटीबॉडीच्या रिपोर्टवर १ च्या वर रिॲक्टिव्ह असं छापलेलं असतं आणि पुढे १२ किंवा १४ लिहिलेलं असतं. लोक समजतात, रोग चौदा पट वाढला. तो आकडा विषाणू मोजतच नाही. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर लाखांत आकडा आला म्हणून लिव्हर तेवढं खराब झालं, असंही नसतं. लिव्हरची स्थिती एसजीओटी, प्लेटलेट, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन यांवरून कळते. आणि एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून विषाणू नाही, हा निष्कर्षही चुकीचा.

विषाणू आढळला, तर दुर्लक्ष महागात पडतं. वीस-तीस वर्षं काही जाणवत नाही आणि मग थेट पोटात पाणी होतं, सिरॉसिस होतो, कधी लिव्हरचा कॅन्सर. कावीळ म्हटली की आपल्याकडे गळ्यात माळ घालून ती ‘उतरवून’ आणतात. इथे तर डोळे पिवळेही झालेले नसतात, मग उतरवणार काय?

खर्चाचं म्हणाल, तर सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्ज फेडता येत नाही म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आमच्या किडन्या, लिव्हर, डोळे विकत घ्या, असं मुख्यमंत्र्यांना लिहून दिलं होतं. अशा गावात खासगी लॅबची हजारोंची तपासणी सांगणं म्हणजे तपासणी करू नका असं सांगण्यासारखंच आहे. म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं : २८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात व्हायरल लोडची तपासणीही मोफत आहे आणि औषधंही. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक उपचार केंद्र, अशी त्याची आखणी आहे. विचारणा जिल्हा रुग्णालयात करायची. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर बाजारात आलं तेव्हा त्याची एक गोळी हजार डॉलरला होती. आज तेच औषध डॅक्लाटासव्हिरच्या जोडीने सरकार फुकट देतं. सिरॉसिस नसेल तर बारा आठवडे रोज गोळ्या, आणि शंभरातले पंचाण्णव बरे होतात.

मग अडतं कुठे? रक्तपेढीच्या फोनपासून जिल्हा रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या रस्त्यात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, समजावून सांगणारं कुणी नसतं. आमची मागणी साधी आहे : अँटीबॉडीच्या प्रत्येक रिॲक्टिव्ह रिपोर्टखाली मराठीत आणि उर्दूत दोन ओळी छापा की हे निदान पूर्ण नाही, आरएनए तपासणी अमुक ठिकाणी मोफत होते. शिबिर भरवणाऱ्या आपल्या मंडळांनीही हार-फोटोंवर न थांबता रिॲक्टिव्ह आलेल्या माणसाला पुढच्या तपासणीपर्यंत कोण पोचवणार, हे रक्तपेढीशी आधीच ठरवावं. आणि त्याचं नाव मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

कारण नाव फुटलं की पहिला घाव लग्नावर पडतो. गरोदरपणातल्या तपासणीत एखादी सून रिॲक्टिव्ह निघाली तर तिचं ताट-वाटी वेगळं केलं जातं, चारित्र्यावर बोललं जातं. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, अंगावर पाजल्याने पसरत नाही. तो रक्तातून जातो : पुन्हा वापरलेली सुई, न्हाव्याचं जुनं ब्लेड, निर्जंतुक न केलेलं हिजामाचं साहित्य. आणि बाळाचं रक्त पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नये, आईच्या अँटीबॉडी त्याच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात.

दुसरा घाव रोजगारावर. खाडी देशांच्या व्हिसासाठीच्या मेडिकलमध्ये अँटीबॉडीची तपासणी असते आणि रेघ दिसली की मुलगा अनेकदा ‘अनफिट’ ठरतो. एजंटाला पैसे दिलेले असतात, जमीन गहाण असते. बरा झालेला, ज्याच्या रक्तात विषाणूच नाही, असा माणूस एका जुन्या खुणेपायी नाकारणं शास्त्राला धरून नाही आणि आपल्या परराष्ट्र खात्याने हा मुद्दा त्या देशांपुढे मांडायला हवा. तोवर तरुणांनी एजंटाच्या हातात पैसे देण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्यावी.

उपचार घेतलेल्यांसाठी एक शेवटचं. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए तपासणी करायचीच, बरं झाल्याचा खरा दाखला तो. तो कागद आधारकार्डासारखा जपून ठेवा. पुढे कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी अँटीबॉडी पुन्हा पॉझिटिव्हच येईल, तेव्हा डॉक्टरांपुढे तोच ठेवायचा आहे.