मोहोर शाबूत, माल कसा?

अंगडियाच्या हाती जोखमीचे पुडके सोपविताना ते मोहोरबंद करतात. मोहोर शाबूत असली की वाटेत कोणी हात घातला नाही, एवढे कळते. आतील माल खरा की खोटा, हे ती सांगत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याआधीची ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे नेमके हेच काम करतात.

साध्या ‘एचटीटीपी’ जोडणीत ग्राहकाचा पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. येथे तो सांकेतिक रूपात जातो. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या स्थळांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारू लागला, आणि व्यापाऱ्यास हा बदल टाळणे अवघड झाले. खर्चाची सबबही उरली नव्हती. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था २०१५ च्या अखेरीपासून प्रमाणपत्र विनामूल्य देत होती. त्याची मुदत मात्र ९० दिवसांची. नूतनीकरण चुकले की दाराशी आलेले गिऱ्हाईक इशारा पाहून परतते.

परंतु विनामूल्य मोहोर ठगासही मिळते. बँकेच्या हुबेहूब बनावट पानावरही कुलूप झळकते, आणि तेथे लिहिलेला पिन अगदी सुरक्षित मार्गाने ठगाच्या हाती पडतो. कुलूप म्हणजे विश्वासू पेढी, हा गैरसमज इतका रुजला की गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकावरील क्रोममधून ते चिन्हच काढले. उशिराच काढले, म्हणायचे. पैसे भरण्यापूर्वी पत्त्यातील नाव अक्षरशः वाचावे. रक्कम मोठी असल्यास आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून विचारावे, पानावर छापलेल्या क्रमांकावर नव्हे.