तयार पान, ताजं पान

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी केलेली जगातली पहिली वेबसाइट आजही क्षणात उघडते. साधा मजकूर, थोड्या लिंक. सर्व्हरने तयार फाइल उचलून द्यायची, बस्स. १९९५ मध्ये पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आली आणि मागणी येईल तसं डेटाबेसमधून पान रचून देणं सोपं झालं. रेल्वेचं आरक्षण, बँकेतली शिल्लक यांना त्यावाचून गत्यंतर नाही. पण संस्थेचा पत्ता, इतिहास, जुने अंक? वर्षानुवर्षं न बदलणारा मजकूरही प्रत्येक वाचकासाठी नव्याने जुळवायचा, वर साइटला जोडलेलं एखादं प्लगिन जुनं झालं की घुसखोरांना दार मोकळं! हौसेला मोल नसतं म्हणतात. सर्व्हरचं बिल मात्र दरमहा येतं. आमचे जुने अंक आम्ही स्टॅटिकच, म्हणजे तयार फाइल म्हणूनच, ठेवणार आहोत. शोधाची सोय तेवढी डायनॅमिक, म्हणजे मागणीनुसार पान रचणारी, राहील.